पळसपारची नोंद

डोंगा आधी दिसला नाही, ऐकू आला. पाण्यात बांबू टेकल्याचा एक मऊ आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मी तलावाच्या काठावर वजनकाट्याची पिशवी खांद्याला लावून उभी होते आणि समोर पाणी नव्हतंच. नुसतं पांढरं, ओलं धुकं होतं. कमळाचे सुकलेले देठ त्यातून काळ्या रेघांसारखे वर आले होते. जानेवारी होता. मला पलीकडे पळसपारला जायचं होतं आणि चौदा किलोमीटरचा वळसा घालून नेणारी आमची गाडी त्या सकाळी आलीच नव्हती.

धुकं एका जागी गडद झालं आणि त्यातून गिरजा दिघोरे बाहेर आली. डोंग्यात उभी, डोक्यावरून शाल घेतलेली.

"पळसपारले जायचं का जी ताई?"

"हो. तू कशी काय इतक्या लवकर?"

"मी तं दर सोमवारी जातो. बसा. पाय मधात ठेवा, काठावर नका टेकवू."

मी बसले. चार हात आत गेलो आणि मागचा काठ पुसला गेला. पुढचा अजून उगवला नव्हता. एक पाणकोंबडी ओरडून गप्प झाली. गिरजाच्या पायाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. डोंगा हलला तसं फडकं सरकलं आणि खालचं निळं झाकण दिसलं. ते झाकण मी झोपेतही ओळखलं असतं. तसे दोनशे डबे मी स्वतः भरून वाटले होते.

"हा डबा कुठे निघाला?"

"फुलवंताकडं. माही नणंद. तिचं रघू आता दीड वर्साचं झालं न."

"पण हा तुझ्या सोनीचा डबा आहे."

"सोनीचाच आहे," गिरजा म्हणाली. "अर्धा सोनीचा, अर्धा रघूचा."

हे ऐकणं मला परवडणारं का नव्हतं, ते सांगायला हवं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि नागपूरच्या अन्नशोध न्यासात मोजणीदार म्हणून लागले होते. आहारावर संशोधन करणारी छोटी धर्मादाय संस्था, माणसं सगळी मिळून अकरा. तलावातल्या बोटभर मासोळ्या वाळवून केलेली पूड रोज एक चमचा पेजेत घातली, तर लहान पोरांच्या रक्तातलं लोह वाढतं का, हे आम्ही पाहत होतो. आठ गावं घेतली होती. गावकऱ्यांसमोर चिठ्ठ्या काढून चार गावांना पूड द्यायची ठरली, चारांना वर्ष संपल्यावर. शेवटी दोन्हीकडच्या पोरांचं रक्त तपासायचं आणि फरक बघायचा. गिरजाच्या जांभूळटोल्याला पूड मिळत होती. पळसपारला मिळायची नव्हती.

"गिरजा, पळसपारची चिठ्ठी निघाली नव्हती. तू होतीस तिथे."

"होती न. चिठ्ठीत गाव होतं जी. नणंद थोडी होती?"

तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं. ती पाण्याकडे बघत बांबू टेकवत होती.

"तू एकटीच नेतेस?"

"मी सोमवारी. बाकीच्या बाया आपापल्या दिवशी. अर्ध्या टोल्याच्या पोरी पलीकडं दिल्या अन् तिकडच्या इकडं आल्या." तिने बांबू वर ओढून घेतला. मग म्हणाली, "तुम्ही लिहाल का जी हे? लिहिलं तं डबे बंद होतीन."

माझ्या पिशवीत टिपणवही होती. रोज काय पाहिलं ते त्याच दिवशी वहीत उतरवायचं, हा न्यासाचा पहिला नियम. मी वही बाहेर काढली नाही. त्या वेळी आम्ही तलावाच्या अगदी मध्यावर असू. दोन्हीकडे काठ नव्हता, गाव नव्हतं, आवाज नव्हता. पूड मिळणारी आणि न मिळणारी अशी दोन गावं जगात कुठेतरी आहेत, हेच मला तेव्हा खरं वाटेना. मी पाण्यात हात घातला. ते हवेपेक्षा उबदार होतं.

"नाही लिहिणार," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

अर्ध्या तासात आम्ही पळसपारला लागलो. मी चोवीस पोरांची वजनं घेतली. रघूचंही घेतलं, तो काट्याच्या झोळीत झोपून गेला होता. त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं : 'दाट धुकं. डोंग्याने पळसपार. वजनं चोवीस.' खाली अर्धं पान कोरं राहिलं.

रक्ताचे निकाल ऑगस्टमध्ये आले. प्रयोगशाळेकडून आलेलं पाकीट न्यासाच्या संस्थापक डॉ. विमल घाटे यांच्या टेबलावर होतं, आणि आम्ही तिघं भोवती बसलो होतो : बाई, मी आणि प्रकल्पाचं सगळं काम अंगावर घेणारे रमण कोहळे. कोहळेदादांनी ही गावं सहा वर्षं पायी तुडवली होती. पुडीची कल्पनाही त्यांचीच, त्यांच्या आईच्या चुलीवरची.

घाटेबाई साठीच्या. सडपातळ, आवाज इतका हलका की समोरच्याला पुढे वाकावं लागे. त्यांनी न्यासाच्या दाराशी एक पाटी लावली होती. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच त्यावर सगळं लिहून टाकलेलं : आम्ही काय मोजणार, कसं मोजणार, आणि कोणत्या कारणासाठी एखादं गाव हिशेबातून वगळणार. तिथे एक वाक्य होतं. वगळण्याचं कारण निकालाचं पाकीट उघडण्याआधी नोंदलेलं असेल तरच धरलं जाईल. निकाल पाहून कारण शोधायचं नाही.

कोहळेदादांनी आकडे मोठ्याने वाचले. पूड मिळालेल्या चारही गावांत लोह वाढलं होतं. न मिळालेल्या तीन गावांत होतं तिथेच होतं. चौथ्या गावात, पळसपारमध्ये, ते पूड मिळालेल्या गावांइतकंच वाढलं होतं. त्या एका गावामुळे फरक इतका आखडला की तो योगायोगानेही पडू शकला असता.

"म्हणजे?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"म्हणजे पूड चालते असं म्हणता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आकडे परत तपासा. सोमवारी बोलू."

त्या गेल्यावर कोहळेदादा जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. दुपार सुस्त होती. कडुनिंबाची सावली भिंतीवर हलतही नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि धुक्यातली ती सकाळ त्यांना सांगितली. गिरजाचं नाव घेतलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं.

त्यांनी चपलेच्या टोकाने पायरीवरची पानं बाजूला सारली. मग म्हणाले, "वहीत आहे?"

"नाही."

"त्या पानावर जागा आहे?"

मी होकाराची मान हलवली.

"अचला, मी तुला खोटं लिहायला सांगत नाही. जे तू पाहिलंस तेच लिही. एक अक्षर जास्त नको. ते त्या दिवशी लिहायला हवं होतं, तू विसरलीस, आता लिहितेस. पूड चालते, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आता तर कारणही खरं सापडलं. एका कोऱ्या अर्ध्या पानापायी पुढे घ्यायच्या चाळीस गावांतल्या पोरांना ती मिळू द्यायची नाही का?"

"पण तारीख..."

"तारीख पानावर आधीच आहे," ते म्हणाले.

मी घरी गेले. खिडकीशी बसून वही उघडली. तेच निळं पेन होतं. मी लिहिलं : 'जांभूळटोल्याच्या बाया पळसपारच्या नातेवाइकांना पूड नेऊन देतात. डबा स्वतः पाहिला. दर आठवड्याला, अनेक घरांतून.' वाचून पाहिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. लिहिताना पुन्हा तीच सकाळ भोवती उभी राहिली, इतकी स्पष्ट, की हे मी तेव्हाच लिहिलं होतं असं मलाच वाटू लागलं. पुढचे पंधरा दिवस तसं वाटतच राहिलं. झोपही चांगली लागत होती.

सोमवारी बाईंनी ते पान वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. "हे तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस," एवढंच म्हणाल्या. नंतर पाटीवरचा नियम पुन्हा वाचून पाहिला, आणि पळसपार वगळलं. फरक स्वच्छ दिसू लागला. अहवाल तयार झाला. पुढच्या कामाला पैसा देऊ पाहणाऱ्या संस्थेचं पत्र आलं, की अहवाल हातात पडताच ते तीन वर्षांसाठी सोबत येतील.

पण बाईंची एक रीत होती. अहवाल कुठेही धाडण्याआधी त्या तो गावात जाऊन वाचून दाखवत. ज्यांच्या बोटातून रक्त घेतलं त्यांना पहिल्यांदा, असं त्या म्हणत.

सप्टेंबरच्या एका सकाळी आम्ही जांभूळटोल्याला गेलो. तलाव तुडुंब होता, शिंगाड्याच्या वेलींनी काठ हिरवे झाले होते. समाजमंदिराच्या ओट्यावर सत्तर-ऐंशी बायामाणसं जमली. पळसपारचीही काही आली होती. बाई उभ्या राहून वाचत होत्या. त्यांचा आवाज ऐकायला सगळा ओटा पुढे वाकला होता. पूड चालते, हे ऐकल्यावर लोकांत एक सुखाची कुजबुज पसरली. मग बाई म्हणाल्या, "पळसपारला पूड पोचत होती, ही गोष्ट आमच्या अचलाताईंनी जानेवारीतच वहीत लिहून ठेवली होती. म्हणून आपल्याला हा निकाल काढता आला."

गिरजा चौथ्या रांगेत बसली होती, मांडीवर सोनी. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

वाचन संपलं, चहा सुरू झाला. मी तलावाच्या बाजूला गेले. ती मागून आली.

"लिहिणार नाही म्हटलं होतं तुम्ही."

मी पाण्याकडे पाहिलं.

"त्याच्यानंतर मी आठ महिने निसंक गेली. बायाइले सांगितलं, ताई आपली आहे, ताईनं जबान देली. त्या दिवशीच लिहिलं होतं तं मले सांगून देतं. मी काही तुमचा हात धरला नव्हता."

दोन वाक्यं माझ्यासमोर होती. एक बोलले तर मी तिच्यालेखी दगाबाज ठरत होते. दुसरं बोलले तर ओट्यावर आत्ताच वाचलेला सगळा अहवाल खाली पडत होता. पाण्यावरून वारा आला, शिंगाड्याची पानं उलटी झाली आणि सरळ झाली. मी तेवढा वेळ नुसती बघत राहिले.

"त्या दिवशी नव्हतं लिहिलं," मी म्हणाले. "मागच्या महिन्यात लिहिलं. जुन्या पानावर."

तिला समजायला क्षण लागला.

"मंग बाई आता खोटं बोलल्या का?"

"बाईंना माहीत नाही."

"असं." तिने सोनीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हणजे मले देलेली जबान खरी, अन् बाईले देलेली वही खोटी."

तिने मला काही करायला सांगितलं नाही. ती चहा घ्यायला परत गेली.

घाटेबाई ओट्याच्या पायरीवर एका म्हातारीशी बोलत बसल्या होत्या. मी त्यांना बाजूला बोलावलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कोहळेदादांचं नाव घ्यायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं, पण ते दोन पावलांवर येऊन उभे होते. त्यांनीच सांगितलं, "मी सुचवलं, बाई."

बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मला वाटलं, त्या ओरडतील. त्यांनी हातातला चहाचा कप शेवटपर्यंत प्यायला आणि खाली ठेवला.

"तिने जे लिहिलं ते खरंच आहे, बाई," कोहळेदादा म्हणाले. "त्या बाया पूड नेतच होत्या. विचारा ना इथे कोणालाही."

"मला पटतं," बाई म्हणाल्या. "पण पळसपारमध्ये लोह वाढलं नसतं, तर तुम्ही दोघांनी ते पान भरलं असतं का?"

कोहळेदादा पलीकडे बघू लागले.

"मग ते पान पूड कुठे गेली हे सांगायला भरलं नाही, रमण. हवा तो निकाल काढायला भरलं."

आणि त्या ओट्यावर परत गेल्या.

"बसा जरा," त्यांनी लोकांना सांगितलं. कप खाली ठेवले गेले. माणसं पुन्हा टेकली. "मी मघाशी चुकीचं वाचलं."

त्यांनी सगळं सांगितलं, माझं नाव घेऊन. कोहळेदादांचंही घेतलं. तारीख म्हणजे काय आणि ती का महत्त्वाची, हे इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं की मागे बसलेली म्हातारीही मान डोलवू लागली. मी खांबाला टेकून उभी होते. विचित्र हलकं वाटत होतं, फार दिवस पाण्याखाली राहून वर आल्यासारखं.

"मंग बाई, पूड चालते का नाही चालत?" कोणीतरी विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "एक वर्ष काम केलं, तुमच्या लेकरांच्या बोटांना सुया टोचल्या, आणि मला माहीत नाही."

मग चौथ्या रांगेतून गिरजा उठली.

"मी नेलं नसतं, तं समजलं असतं न बाई?"

बाई ओट्याच्या कडेपर्यंत पुढे आल्या. तिला बरं वाटावं म्हणून त्या काहीतरी मऊ बोलतील, असं मला वाटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "समजलं असतं."

गिरजाने मान खाली घातली.

"पण तुम्ही न्यायलाच हवं होतं," बाई पुढे म्हणाल्या. "नणंदेचं लेकरू उपाशी आणि आपलं जेवतंय, असं कोण करेल? चूक माझी आहे. मी नागपुरात बसून नकाशा पाहिला. रस्ता चौदा किलोमीटर दिसला, म्हटलं गावं लांब आहेत. मधला निळा भाग मी रिकामा धरला. तिथून माणसं जातात, हे मी कोणाला विचारलं नाही."

अहवाल तसाच छापला गेला. फरक सिद्ध झाला नाही, असं पहिल्याच पानावर. शेवटी एक पान माझ्या सहीचं होतं. मी काय पाहिलं, कधी पाहिलं, कधी लिहिलं आणि का. ते पान बाईंनी मला सात वेळा लिहायला लावलं. प्रत्येक वेळी त्या माझा एखादा शब्द खोडत. पहिल्यांदा 'विसरले' खोडला, शेवटी 'नाइलाजाने'. पैसा देणारी संस्था आली नाही. डबे बंद झाले. कोहळेदादांनी दिवाळीआधी राजीनामा दिला. जाताना ते माझ्याशी चांगलं बोलले, पण नजरेला नजर दिली नाही. बाईंनी मला काढलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तू काठावर सांगितलंस. अहवाल धाडल्यावर सांगितलं असतंस, तर काढलं असतं."

सहा वर्षांनी दूरच्या एका राज्यातल्या संशोधकांचं पत्र आलं. त्यांनी आमचा अहवाल वाचला होता, माझ्या सहीचं पानही. त्यावरून शहाणे होऊन त्यांनी तसाच प्रयोग नव्याने केला होता. निकाल सोबत होता. घाटेबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांनी तो मला मोठ्याने दोनदा वाचायला लावला आणि म्हणाल्या, "जा, गिरजाला सांगून ये."

मी गेले. ती तलावाच्या काठी ताडपत्रीवर मासोळ्या पसरत होती. डबे बंद झाले तरी टोल्यातल्या बाया ती पूड घरीच करत राहिल्या होत्या, हे मला तिथे गेल्यावर कळलं. सोनी शाळेत गेली होती. गिरजाने मला ताडपत्रीच्या कडेला बसायला जागा केली.

"पूड चालते," मी म्हणाले. "रक्तात लोह वाढतं. फार नाही, थोडं. उंचीत फरक पडत नाही."

"थोडं म्हणजे किती जी?"

मी तिला आकडा सांगितला आणि त्याचा अर्थ सांगितला. वाढवून सांगितला नाही. तिने तो मनात तोलला. हात चालूच होते, एकेक मासोळी वेगळी करून उन्हाला देत होते.

"त्याइनं कसं काढलं मंग? त्याच्या गावात नाही नेलं कोणी?"

"नाही. त्यांनी मुद्दाम तशी गावं निवडली. एकमेकांपासून दूर, डोंगराच्या दोन अंगांना. इकडच्या पोरी तिकडे दिलेल्या नाहीत, जाणं-येणं नाही, ओळखही नाही."

गिरजा थांबली. तिने पाण्यापलीकडे पाहिलं. ऊन स्वच्छ होतं, पळसपारची कौलं मोजता येत होती, आणि कुणीतरी बाई काठावर कपडे धूत होती.

"बिचाऱ्या," ती म्हणाली.